बॅगा सगळ्यांना आठवतात, शाळा कुणालाच नाहीत

२०१८ च्या मे महिन्यात क्वालालंपूरमधल्या पॅव्हिलियन रेसिडेन्सेस या उंची इमारतीतून पोलीस ट्रॉल्या ढकलत बाहेर येत होते. ट्रॉल्यांवर नारिंगी खोके आणि खोक्यांत हँडबॅगा. असे २८४ खोके निघाले, शिवाय रोकड आणि दागिने भरलेल्या ७२ बॅगा. ९ मे रोजी निवडणूक हरलेले मलेशियाचे पंतप्रधान नजीब रझाक आणि त्यांच्या पत्नी रोस्मा मन्सूर यांच्याशी संबंधित जागांवर पडलेले हे छापे होते. जूनमध्ये पोलिसांनी मोजदाद जाहीर केली: ५६७ हँडबॅगा, ४२३ घड्याळे, २३४ गॉगल, सुमारे १२,००० दागिने आणि २६ देशांच्या चलनांतली रोकड.

ते फोटो मीही पुन्हा पुन्हा पाहिले. त्या खोक्यांच्या राशीने डोळे इतके भरून गेले की रोस्मा मन्सूर यांना न्यायालयाने दोषी ठरवले ते नेमके कशासाठी, हे मला फार उशिरा कळले. माझ्या ओळखीत ज्यांना ज्यांना मी विचारले, त्यांनाही ‘ती बॅगावाली’ एवढेच आठवत होते. १ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती मोहम्मद झैनी मझलान यांनी क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयात जो निकाल दिला, तो त्या बॅगांच्या राशीबद्दल नव्हता. तो होता सारावाक राज्यातल्या ३६९ ग्रामीण शाळांच्या विजेबद्दल.

सारावाक म्हणजे बोर्निओ बेटाचा वायव्येकडचा भाग. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दोन पंचमांश भरेल, पण वस्ती विरळ, जंगल दाट आणि आतल्या भागात नद्या हेच रस्ते. तिथल्या कित्येक शाळांपर्यंत विजेच्या तारा पोचलेल्या नाहीत. डिझेलच्या जनरेटरवर दिवे लागतात, आणि ते डिझेलही लांबून, बऱ्याचदा होडीतून आणावे लागते. गावे एकमेकांपासून दूर असल्यामुळे अनेक मुले शाळेच्याच वसतिगृहात राहतात. अशा ठिकाणी वीज म्हणजे नुसता वर्गातला पंखा नसतो. संध्याकाळनंतर पुस्तक उघडता येईल की नाही, हे जनरेटर ठरवतो. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात आश्रमशाळेत रात्र काढलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

या शाळांवर सौर हायब्रीड यंत्रणा बसवायची आणि जनरेटरची देखभाल करायची, असे ते काम होते. किंमत १२५ कोटी रिंगिट. त्या वेळच्या दराने आपले दोन हजार कोटी रुपये धरा. निविदा न मागवता, थेट वाटाघाटीने ते जेपाक होल्डिंग्ज नावाच्या कंपनीच्या पदरात पडले. न्यायालयाने ग्राह्य धरलेली हकिकत अशी की त्या कंपनीकडून १८ कोटी ७५ लाख रिंगिट मागण्यात आले. भागाकार करून पाहिला तर हे बरोबर पंधरा टक्के भरतात. आपल्याकडे ठेकेदारांच्या तोंडी ‘टक्केवारी’ हा जो शब्द असतो, तो इथे दशांशाचाही फरक न ठेवता लागू पडतो. प्रत्यक्ष हातात पडले ते ६५ लाख रिंगिट, दोन खेपांत आणि रोखीत. ५० लाख २० डिसेंबर २०१६ रोजी पुत्रजायातल्या सेरी पेर्दाना या पंतप्रधानांच्या सरकारी निवासस्थानी, आणि १५ लाख पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरला क्वालालंपूरच्या खाजगी घरी.

शिक्षा झाली ती तिन्ही आरोपांवर प्रत्येकी दहा वर्षे, एकत्र भोगायची, आणि दंड ९७ कोटी रिंगिट. दंडाचा हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. पण तिथल्या कायद्यात दंड लाचेच्या किमान पाचपट आहे. मागितलेले १८ कोटी ७५ लाख अधिक घेतलेले ६५ लाख म्हणजे १९ कोटी ४० लाख, आणि त्याची पाचपट म्हणजे बरोबर ९७ कोटी. जी रक्कम मागितली पण कधी हाती आली नाही, तीही पूर्णच्या पूर्ण हिशेबात धरली गेली. मागणे हाच गुन्हा, मिळणे हा त्याचा पुढचा भाग, असे मानणारा हा कायदा आहे. मला हे मनापासून पटते. रोस्मांनी अपील केले आणि शिक्षेला स्थगिती मिळाली. पैसे मागितले नाहीत, घेतले नाहीत, आपल्या नावावर इतरांनी हा उद्योग केला, ही त्यांची बाजू. हा केवळ नकार आहे, त्यापलीकडे काही नाही, असे न्यायमूर्तींचे मत पडले. पुढे २०२४ च्या डिसेंबरात मनी लाँडरिंग आणि उत्पन्नाचे विवरण न दिल्याच्या एका वेगळ्या खटल्यातल्या १७ आरोपांतून उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. म्हणजे घरातल्या पैशांचा माग काढणारा खटला उभाच राहिला नाही. उभा राहिला तो शाळांचा.

आता आपण सगळ्यांनी स्वतःला विचारण्याजोगा प्रश्न असा की, मग बॅगाच का आठवतात?

बॅगा डोळ्यांना दिसतात, हे एक कारण आहेच. दुसरे कारण अधिक खोल आहे. बाईने उधळलेला पैसा आपल्याला पुरुषाने लाटलेल्या पैशापेक्षा जास्त खुपतो. २०१५ मध्ये रोस्मा एका कार्यक्रमात म्हणाल्या की घरी येऊन केस रंगवून देणारे १,२०० रिंगिट घेतात, आमच्यासारख्या पगार नसलेल्या गृहिणींनी काय करायचे? त्या वेळी द्वीपकल्पीय मलेशियात किमान वेतन महिन्याला ९०० रिंगिट होते. देश भडकला, आणि ते योग्यच होते. पण या संतापाला एक खोड असते. तो केसांच्या रंगावर, बॅगेवर, अंगठीतल्या खड्यावर जाऊन बसतो आणि तिथेच खर्च होऊन जातो. लाच म्हणजे काय, तर राज्याचा एक निर्णय विकणे. बॅग ही त्या पैशाची शेवटची जागा. पहिली जागा म्हणजे विकला गेलेला निर्णय. सारावाकमध्ये विकला गेला तो कुणाच्या तरी शाळेत उजेड कोण आणि कसा पाडणार हा निर्णय. शिक्षण मंत्रालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना या कंपनीच्या पात्रतेबद्दल शंका होत्या, हे साक्षींतून पुढे आले. शंका असूनही काम गेले. पुढे ते कंत्राट रद्द करावे लागले. ज्या ३६९ शाळांच्या नावावर हे सगळे झाले, त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला माहीत नाही. बॅगांच्या कंपन्यांची नावे मात्र पाठ आहेत.

यात एक गोष्ट मला फार लागली. याच रोस्मा मन्सूर ‘पेर्माता’ नावाच्या बालशिक्षण कार्यक्रमाच्या पुरस्कर्त्या होत्या. पंतप्रधानांच्या खात्याखाली चालणारा, सरकारी पैशाचा कार्यक्रम. मुलांच्या शिक्षणाबद्दल त्या बोलत असत, फोटो निघत असत.

इथे मुळाशी जायला हवे. ही बाई होती कोण? खासदार नव्हती, मंत्री नव्हती, अधिकारी नव्हती. तिच्या सहीने एक रिंगिटही सुटत नव्हता. तरी पंतप्रधान कार्यालयात तिच्यासाठी एक विभाग होता. ‘फर्स्ट लेडी ऑफ मलेशिया’ असे त्याचे नाव उघड झाले तेव्हा मोठा वाद झाला, कारण राजघराणे असलेल्या त्या देशात तो मान राणीचा. पण मानापमानाच्या त्या वादात खरा मुद्दा मागे राहिला. ज्या पदाला कायद्यात जागा नाही, त्याला सरकारी इमारतीत खोली, कर्मचारी आणि टेलिफोन मिळाला होता. पद नाही म्हणून जबाबदारी नाही, आणि खोली आहे म्हणून वजन आहे. भ्रष्टाचाराला याहून सोयीची जमीन सापडणार नाही. त्या कार्यालयात त्यांचा मदतनीस म्हणून वावरणारा रिझल मन्सूर हाच पुढे आरोपी झाला आणि नंतर सरकारी साक्षीदार. तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनीही साक्षीत सांगितले की रोस्मांनी त्यांना या कामाची घाई करायला सांगितले होते. मंत्र्याला घाई करायला सांगणारी व्यक्ती कोणत्या अधिकारात सांगते आहे, हे त्या मंत्र्याने तेव्हाच का विचारले नाही? विचारले नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होते.

रोस्मांनी बचाव सादर करावा असा आदेश देताना, २०२१ मध्ये, न्यायमूर्ती झैनींनी हेच नोंदवले होते: अधिकृत पद नसले तरी प्रभाव मोठा होता. आणि कायद्याने त्यांचे हात बांधलेले नव्हते. ज्या कलमाखाली हा खटला चालला, त्यात लाच घेणारा सरकारी नोकरच असला पाहिजे अशी अट नाही. सरकारी कामासाठी लाच मागणारी वा घेणारी कोणतीही व्यक्ती त्यात बसते. ‘कोणतीही व्यक्ती’ या दोन शब्दांनी ३६९ शाळांचा खटला उभा राहू शकला.

हे दोन शब्द नसले तर काय होते, ते दक्षिण कोरियात दिसले. तिथे २०१६ पासून अतिशय कडक समजला जाणारा लाचविरोधी कायदा लागू आहे. अधिकाऱ्याच्या जोडीदाराने त्याच्या कामाशी संबंधित भेट घेऊ नये, असे त्यात लिहिलेही आहे. राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांच्या पत्नी किम कॉन-ही यांनी २०२२ मध्ये सुमारे ३० लाख वॉनची एक डिऑर बॅग घेतल्याचे छुपे चित्रण २०२३ च्या शेवटी बाहेर आले. देशभर गदारोळ झाला. २०२४ च्या जूनमध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगाने प्रकरण बंद केले, कारण जोडीदाराला शिक्षा करण्याची तरतूदच कायद्यात नव्हती. घेऊ नये असे लिहिले होते, घेतल्यास काय ते लिहिले नव्हते. पुढे नवरा पदच्युत झाला, मग चाके फिरली, आणि २०२६ च्या जानेवारीत एका धार्मिक पंथाकडून घेतलेल्या भेटींच्या वेगळ्या प्रकरणात सोलच्या न्यायालयाने त्यांना २० महिन्यांची शिक्षा सुनावली. नवरा खुर्चीवर असेपर्यंत कायदा लंगडा आणि खुर्ची गेल्यावर धावता, हा क्रम मला अस्वस्थ करतो. खुर्ची शाबूत असताना लागू होईल तोच कायदा कामाचा.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत तितका दुबळा नाही, हे सांगितले पाहिजे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७-अ मध्ये, वैयक्तिक प्रभाव वापरून सरकारी सेवकाकडून काम करवून घेण्यासाठी लाभ घेणाऱ्या कुणालाही तीन ते सात वर्षांची कैद सांगितली आहे. आणि १९९९ मध्ये पी. नल्लम्माल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेच्या गुन्ह्याला मदत करणारी पत्नी किंवा नातेवाईक सरकारी नोकर नसले तरी त्यांच्यावर खटला चालू शकतो. त्या निकालातले एक उदाहरण वाचताना मला एखाद्या घरातला संवाद ऐकू आला: जवळचा नातेवाईक सरकारी सेवकाला सांगतो की बघा, इतर कसे श्रीमंत झाले, आणि त्यालाही लाच घ्यायला वळवतो. अशा नातेवाइकाने गुन्ह्याला प्रोत्साहन दिले असे न्यायालय म्हणते. ‘शेजारच्यांचे बघा’ हे वाक्य आपल्या घरांत किती सहज उच्चारले जाते.

तरीही जोडीदाराबद्दल बोलताना आपण दोनपैकी एका आळशी वाटेने जातो. पहिली वाट अशी: माणूस चांगला होता हो, बायकोच्या हावेने बुडवला. दुसरी: तिला बिचारीला काय कळतंय, सही कर म्हटलं, केली. या दोन्ही गोष्टी एकाच खटल्यात कशा वापरल्या जातात, याचा नमुना अमेरिकेत पाहायला मिळाला. न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरात २०२२ च्या झडतीत ४ लाख ८० हजार डॉलरहून जास्त रोकड आणि सोन्याची बिस्किटे सापडली. त्यांतली दोन तर एकेक किलोची, म्हणजे आपल्या भाषेत शंभर शंभर तोळ्यांची. सिनेटर महाशयांनी २०१९ मध्ये आपल्या ताजमहालासमोर नादीन या मैत्रिणीला मागणी घातली होती, पुढे लग्न झाले. खटला उभा राहिला तेव्हा त्यांच्या वकिलांनी ज्यूरीला सांगितले की ती लोकांकडून काय मागत होती हे तिने नवऱ्याला कळूच दिले नाही. ज्यूरीने ते मानले नाही. जुलै २०२४ मध्ये सोळाच्या सोळा आरोप सिद्ध झाले आणि पुढे अकरा वर्षांची शिक्षा झाली. नादीन यांचा खटला आजारपणामुळे वेगळा चालला. त्याही दोषी ठरल्या, आणि २०२५ च्या सप्टेंबरात शिक्षेच्या वेळी त्यांनी सांगितले ते याच्या नेमके उलट, की नवऱ्याने आपल्याला कठपुतळीसारखे नाचवले. त्यांना साडेचार वर्षे मिळाली. नवरा म्हणतो बायकोने फसवले, बायको म्हणते नवऱ्याने. दोन्ही ज्यूरींनी दोघांनाही आपापल्या कृत्यासाठी जबाबदार धरले, आणि शिक्षा खुर्चीवाल्याला दुपटीहून जास्त झाली. हा तोल मला बरोबर वाटतो.

‘बायकोच्या हावेने बुडाला’ ही गोष्ट मराठी माणसाला इतकी ओळखीची का वाटते, याचे उत्तर शनिवारवाड्यात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. त्याची आख्यायिका शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते: राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार अडीचशे वर्षे एका बाईच्या नावावर भाषेत रुतून बसला आहे. त्या पत्रातल्या खाडाखोडीला आख्यायिकेपलीकडचा आधार फारसा नाही. ज्याने प्रत्यक्ष चौकशी केली त्या रामशास्त्री प्रभुण्यांनी बोट कुणावर ठेवले? राघोबादादांवर. पेशवाईची गादी ज्याला हवी होती आणि गारद्यांना हुकूम देण्याचे वजन ज्याच्या नावात होते, त्याच्यावर. रामशास्त्र्यांचे नाव आपण आदराने घेतो, मुलांना सांगतो, पण त्यांचा निकाल मात्र विसरतो आणि आठवण ठेवतो ती आनंदीबाईंच्या बोरूची. समजा अक्षर त्यांनीच बदलले. तरी गारद्यांनी तो कागद मानला तो दादासाहेबांचा म्हणून. आनंदीबाईंच्या नावाने आलेल्या चिठ्ठीवर कुणी तलवार उपसली नसती.

सारावाकच्या प्रकरणात मला हाच काटा टोचत राहतो. जेपाकच्या कागदपत्रांवर पंतप्रधानांचे शेरे होते, हे पुराव्यात आले. सरकारी कामकाज ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला शेऱ्याची ताकद सांगावी लागत नाही. वरच्या माणसाने समासात दोन शब्द लिहिले की खालच्या पाच टेबलांवरच्या शंका गप्प होतात. पण या खटल्यात आरोपी होत्या फक्त रोस्मा. नजीब रझाक तेव्हा तुरुंगात होतेच. एसआरसी या सरकारी कंपनीच्या पैशांच्या प्रकरणातली शिक्षा भोगायला ते बायकोच्या निकालाच्या नऊ दिवस आधी, २३ ऑगस्ट २०२२ ला, कजांगच्या तुरुंगात गेले होते. पुढे वन एमडीबी या सरकारी गुंतवणूक निधीच्या प्रकरणातही त्यांना २०२५ च्या डिसेंबरात पंधरा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे ते मोकळे सुटले असे कुणी म्हणू शकत नाही. पण शाळांच्या या व्यवहारात खुर्चीची जबाबदारी कुठपर्यंत पोचते, हे न्यायालयात तपासलेच गेले नाही. त्यांचा गुन्हा होता असे मी म्हणत नाही. तो ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मी म्हणते ते एवढेच की बायकोच्या प्रभावाला मोल होते ते तो प्रभाव ज्या खुर्चीकडून उसना आलेला होता तिच्यामुळे, आणि उसनवारीचा हिशेब उसने देणाऱ्याकडेही मागावा लागतो.

यावर एक आक्षेप मी स्वतःला बरेच दिवस घेत होते, कारण तो हलका नाही. पुढाऱ्याशी लग्न केले म्हणून एखाद्या बाईचे, किंवा पुरुषाचे, सगळे आयुष्य पंचनाम्यात टाकायचे का? तिची स्वतःची नोकरी असेल, व्यवसाय असेल, माहेरची शेती असेल. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराच्या जोडीदाराचीही मालमत्ता द्यावी लागते. २०१८ मध्ये लोकप्रहरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाचा स्रोतही सांगायला लावला. ते योग्यच झाले. पण त्या प्रतिज्ञापत्रांचे आपण काय करतो? अर्ज भरण्याच्या आठवड्यात बातम्या येतात: अमक्यांच्या पत्नीकडे इतके तोळे सोने, तमक्यांच्या नावावर गाडीही नाही. बायकांच्या गळ्यातले तोळे मोजून आपण मोकळे होतो. पुन्हा तेच, बॅगा मोजणे. त्या पत्नीच्या नावावरच्या कंपनीला नवऱ्याच्या खात्याकडून कोणती कामे मिळाली, हा प्रश्न त्याच प्रतिज्ञापत्राच्या चार पाने पुढे विचारता येतो, आणि तो विचारायला कुणाच्या गळ्याकडे बघावे लागत नाही.

म्हणून माझा आग्रह संपत्तीपेक्षा व्यवहारावर आहे. जोडीदाराने काय घातले, काय खरेदी केले, सुटीत कुठे गेला, हा माझा विषय नाही. सरकारशी काम असलेल्या माणसाकडून जोडीदाराने काही घेतले तर ते पदाधिकाऱ्याने घेतले असे कायद्याने धरावे, आणि कळल्या दिवसापासून ठरावीक मुदतीत ते जाहीर करून परत करणे हाच त्याचा एकमेव बचाव असावा. ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असावा, कारण घर त्याचे आहे आणि खुर्चीही त्याचीच आहे. जोडीदाराने स्वतः मागणी केली असेल, तर त्याला वा तिला स्वतंत्र शिक्षा, बाई म्हणून सूट नाही आणि बाई म्हणून जादा चाबूकही नाही. आणि ज्या व्यक्तीला कायद्याने पद दिलेले नाही, तिला सरकारी इमारतीत खोली, टेलिफोन आणि मदतनीस देणे बंद व्हावे. एखाद्या मंत्र्याच्या जोडीदाराला खरेच लोकांचे काम करायचे असेल तर समाजात त्यासाठी जागा कमी नाहीत.

पण यापेक्षाही साधी एक गोष्ट आहे, आणि ती मला माझ्या मामांकडून कळली. मामा राज्य सरकारच्या एका खात्यात अभियंता होते, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या बोलण्यात ‘बंगल्यावरून फोन’ हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आले. साहेब कधी स्वतः बोलत नसत. फोन बंगल्यावरून यायचा. कधी पीए, कधी मेहुणे, कधी वहिनी. आवाज गोड, मागणी थेट नाही: त्या अमक्यांचं काम जरा बघा ना. ठेकेदारांत तर सरळ सल्लाच असे, की साहेबांना भेटून काही होत नाही, वहिनींना भेटा. मामा म्हणायचे, लेखी आदेश नाकारता येतो, त्यावर हरकत लिहिता येते, वरिष्ठांकडे पाठवता येतो. फोन नाकारता येत नाही, कारण तो आलाच नव्हता. फाईलवर त्याची खूण नसते. उद्या चौकशी लागली तर कागदावर सही अभियंत्याची, आणि बंगला स्वच्छ.

शिक्षणमंत्र्यांना रोस्मांनी घाई करायला सांगितले, हे न्यायालयात उघड झाले ते सरकार बदलल्यावर, काही वर्षांनी. ते त्याच दिवशी फाईलच्या टिपणीत आले असते, की आज अमुक वाजता पंतप्रधानांच्या पत्नींनी या कामाबद्दल विचारणा केली, तर ते कागद पुढच्या टेबलावर गेले असते, लेखापरीक्षकाच्या हाती पडले असते, आणि पुढची विचारणा करताना कुणीही दहा वेळा विचार केला असता. पदाधिकाऱ्याच्या घरच्या व्यक्तीकडून कोणत्याही फाईलबद्दल आलेली प्रत्येक विचारणा, दिवस, वेळ आणि नावासह टिपणीत लिहिणे अधिकाऱ्याला बंधनकारक करा. न लिहिणे हा त्याचा दोष ठरवा. म्हणजे लिहिणाऱ्याला ‘मी काय करू, नियमच आहे’ म्हणायची सोय होईल. प्रामाणिक अधिकाऱ्याला धैर्याचे भाषण नको असते, असा आडोसा हवा असतो. याला नवे खाते नको, यंत्र नको, पैसा नको. टिपणीचा कागद तर फाईलला लावलेलाच असतो.

मामांनी स्वतःपुरता एक मार्ग काढला होता. दरवर्षी दिवाळीत एक डायरी विकत घ्यायचे आणि बंगल्यावरून फोन आला की तारीख, वेळ, कोण बोलले आणि कोणत्या कामाबद्दल, एवढे चार शब्द त्यात लिहायचे. मी एकदा विचारले, हे कुणाला दाखवता? म्हणाले, कुणालाच नाही, दाखवण्याची जागा कुठे आहे? त्यांच्या पश्चात मामींनी त्या सतरा डायऱ्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात मी त्यातली एक उघडली. १९९४ सालची. त्यातल्या मार्च महिन्यात एका शाळेच्या खोल्यांच्या बांधकामाबद्दल तीन फोनांची नोंद आहे.